डोक्यावरचं वजन आणि बाईचा खांदा

"बायकांनी डोक्याच्या वर वजन उचलू नये, खांदा निखळतो." व्यायामशाळेत जायला लागलेल्या मुलीला हे वाक्य पहिल्या महिन्यातच कुणीतरी ऐकवतं. सांगणारा कधी तिथला प्रशिक्षक असतो, कधी घरातली वडीलधारी बाई, कधी चक्क डॉक्टर. काळजीपोटी सांगितलेलं असतं, त्यामुळे उलट उत्तरही देता येत नाही. मुलगी मुकाट्याने रॉड खाली ठेवते आणि दोन किलोचे गुलाबी डंबेल्स घेऊन कोपऱ्यात उभी राहते.

त्याच व्यायामशाळेसमोर एखाद्या इमारतीचा स्लॅब पडत असेल, तर तिथेही बायका दिसतील. परांचीवर एकीखाली एक उभ्या राहून काँक्रीटचं घमेलं खालून घ्यायचं, डोक्यावरून वरच्या बाईच्या हातात द्यायचं, रिकामं परत घ्यायचं. हात डोक्याच्या वर, कोपरं सरळ, वजन तळहातावर. व्यायामशाळेत ज्याला 'ओव्हरहेड प्रेस' म्हणतात त्याहून हे फार वेगळं नाही. फरक इतकाच की इथे पाच-पाचचे तीन सेट करून पाणी प्यायला बसता येत नाही. या बाईचा खांदा निखळेल, अशी काळजी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून खांद्याच्या सुरक्षिततेचा विषय या पानांवर यायला हवा असं मला वाटतं. 'हा सुखवस्तू बायकांचा जिमचा नाद, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध?' असा प्रश्न काही मैत्रिणी विचारतील. मागे आरोग्याच्या शिबिरात आपण गर्भाशयाची चित्रं काढून शिकलो, स्वतःची तपासणी करायला शिकलो, तेव्हाही असंच विचारलं गेलं होतं. शरीराचा जो भाग आपल्याला समजत नाही, त्याच्याबद्दलचे निर्णय दुसरं कुणी घेतं. खांद्याचंही तसंच आहे.

आधी खांदा कसा असतो ते पाहू. मांडीचं हाड कमरेच्या खोल वाटीत बसलेलं असतं. खांद्याची वाटी मात्र उथळ, जवळजवळ बशीसारखी, आणि तिच्यावर दंडाच्या हाडाचा गोळा टेकलेला. वाटी उथळ आहे म्हणूनच हात सगळीकडे फिरतो. पाठ खाजवता येते, वेणी घालता येते, माळ्यावरचा डबा काढता येतो. या मोकळेपणाची किंमत अशी की सांध्याला जागेवर धरून ठेवायचं बरंचसं काम हाडांऐवजी स्नायूंना करावं लागतं. 'रोटेटर कफ' नावाचे चार लहान स्नायू त्या गोळ्याला चहूबाजूंनी धरून बशीच्या मध्यावर ठेवतात. हात डोक्यावर नेताना पाठीवरचं फऱ्याचं हाड, म्हणजे खवाटा, हातासोबत वर वळतं. हात पूर्ण वर गेला की 180 अंशांचा प्रवास होतो. त्यातले ढोबळमानाने 120 अंश खांद्याच्या सांध्यात होतात आणि 60 अंश खवाट्याच्या वळण्यातून येतात. खवाटा वळला नाही तर सगळा ताण पुढच्या सांध्यावर आणि कमरेवर पडतो.

आता बसल्या जागी एक करून बघा. पाठीला पोक काढून, हनुवटी पुढे काढून बसा आणि दोन्ही हात वर न्या. कुठे अडतात ते लक्षात ठेवा. मग पाठ सरळ करून पुन्हा न्या. दुसऱ्या वेळी हात जास्त वर जातात. पाठीचा वरचा भाग सरळ झाल्याशिवाय खवाट्याला वळायला नीट वाव मिळत नाही, हे कारण.

आणि आपल्याला पोक काढायला कुणी शिकवलं? बारा-तेराव्या वर्षी छाती वाढायला लागली की मुलगी खांदे पुढे पाडून चालू लागते. दप्तर छातीशी धरते, ओढणी दोन्हीकडून सारखी करते. पुढे ब्लाऊज येतो. शिंप्याने बेतलेल्या घट्ट बाहीच्या ब्लाऊजमध्ये दोन्ही हात कानाला लावून दाखवा! पोट उघडं पडतं, बाही काखेत कापते, मग एका हाताने पदर सावरत दुसऱ्या हाताने फळीवरचा डबा काढायची सवय लागते. वर्षानुवर्षं दोन्ही हात पूर्ण वर न नेलेली बाई चाळिशीत पहिल्यांदा रॉड डोक्यावर ढकलायला जाते आणि खांदा कुरकुरतो. तेव्हा तिला ऐकवतात की 'बायकांचा खांदा मुळातच नाजूक'. कपडे, सवयी आणि लाज यांचा हिशेब निसर्गाच्या खात्यात मांडायचा ही जुनीच रीत आहे.

निसर्गाचा जो काही भाग आहे तोही नाकारू नये. स्त्रियांची कमरेच्या वरची ताकद सरासरीने पुरुषांपेक्षा बरीच कमी असते, पायांच्या ताकदीतला फरक त्या मानाने थोडा. सांधे जास्त सैल असण्याचं प्रमाणही स्त्रियांत अधिक. पण सराव सुरू केला की ज्या पातळीवरून सुरुवात केली तिच्या टक्केवारीत स्त्रियांची प्रगती पुरुषांइतकीच होते. तेव्हा सुरुवात खालून आणि पायऱ्या लहान, एवढाच त्यातून अर्थ निघतो. नेमक्या याच दोन गोष्टी व्यायामशाळेत मिळत नाहीत.

हिशेब करून पाहा. स्पर्धेतला पुरुषांचा रॉड 20 किलोचा आणि 28 मिलिमीटर जाडीचा. स्त्रियांचा 15 किलोचा आणि 25 मिलिमीटरचा. बहुतेक व्यायामशाळांत फक्त पहिला असतो. लहानात लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की एका उडीत पाच किलो वाढले. पन्नास किलो डोक्यावर नेणाऱ्या पुरुषाला ही वाढ दहा टक्क्यांची. वीस किलो नेणाऱ्या बाईला पंचवीस टक्क्यांची! कुठल्याही पुरुषाला एका आठवड्यात पन्नासवरून साडेबासष्टवर जायला सांगितलं, तर त्याचाही खांदा दुखेल. बाईचा दुखला की दोष तिच्या बाईपणाला. सव्वा किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या प्लेटा मिळतात, फार महागही नसतात. 'आम्हाला त्या आणून द्या' अशी मागणी चार जणींनी मिळून लेखी केली तर व्यायामशाळेचा मालक आणतो, असा काही ठिकाणचा अनुभव आहे. एकटीने मागितलं तर तो हसतो.

रिकामा रॉडही जड वाटत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. झाडूच्या दांड्याने सुरुवात करावी. दोन-तीन किलोचे डंबेल्स घ्यावेत, त्यात प्रत्येक हात आपली वाट आपण शोधतो. किंवा रॉडचं एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात फडकं गुंडाळून टेकवावं आणि दुसरं टोक खांद्याजवळून तिरकं वर ढकलावं. हात पूर्ण डोक्यावर जात नसेल अशा खांद्यालाही हे सहसा मानवतं.

आता प्रत्यक्ष उचलायची रीत. रॉड जमिनीवरून ओढून घेऊ नका. स्टँडवर छातीच्या उंचीला ठेवा. हात खांद्यांपेक्षा किंचित बाहेर. रॉड बोटांत लोंबकळता नको, तळव्याच्या खालच्या भागावर, मनगटाच्या हाडांवर यायला हवा, नाहीतर मनगट मागे मोडतं. अंगठा रॉडभोवती. कोपरं रॉडच्या जरा पुढे. ती बाजूला पंखांसारखी पसरली की खांद्याची पुढची बाजू भरून येते. पोट आणि कुल्ले आवळा, बरगड्या वर उचलल्या जाऊ देऊ नका. हनुवटी मागे घ्या म्हणजे रॉडला सरळ वर जायला वाट मिळते. रॉड कपाळाच्या वर गेला की डोकं पुन्हा पुढे, दोन्ही दंडांच्या मध्ये. शेवटी रॉड खांद्याच्या आणि पावलाच्या मध्याच्या सरळ रेषेत हवा. तो चेहऱ्याच्या पुढे राहिला तर खांदा सारखा त्याला ओढून धरत राहतो.

एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी चुकीची शिकवतात. 'खांदे खाली दाबून ठेवा, कानाजवळ येऊ देऊ नका,' असं प्रशिक्षक ओरडत असतात. छातीसमोरून ढकलायच्या व्यायामात ते ठीक. हात डोक्यावर असताना मात्र खवाटा वर वळायलाच हवा. शेवटच्या टप्प्यात खांदे थोडे कानाकडे उचलले जाणं बरोबर आहे. ते जबरदस्तीने खाली दाबले तर सांध्यात दाटी होते.

रॉड मानेमागे उतरवण्याची एक जुनी पद्धत तालमीतून चालत आली आहे. तिला दंड बाजूला आणि मागे वळवून धरावा लागतो. ज्यांचे खांदे मोकळे आहेत आणि ज्यांनी वर्षानुवर्षं सराव केलाय त्यांना ती जमते. सांधे सैल असणाऱ्या मुलीने आणि पाठ आखडलेल्या प्रौढ बाईने तिच्या वाटेला जाऊ नये. समोरून ढकलून जे मिळतं ते पुरेसं आहे.

शिवाय जितकं वर ढकलाल तितकं मागे ओढायलाही हवं. वाकून डंबेल पोटाकडे ओढणं, दोरी किंवा पट्टा चेहऱ्याकडे ओढणं, अशा व्यायामांनी खवाट्याचे स्नायू तयार होतात. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये विश्रांती. गर्भाशय खाली उतरलेलं असेल, लघवी गळत असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल तर आधी तपासून घ्या आणि वजन उचलताना श्वास कोंडू नका.

दुखण्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्याकडे बाईला दुखणं अंगावर काढायचं वळण आहे. दंडाच्या आणि खांद्याच्या मांसात दुसऱ्या दिवशी येणारा ठणका वेगळा. हात अर्ध्यावर जाताना खांद्याच्या टोकाशी कळ येते, त्या कुशीवर झोपवत नाही, हातात मुंग्या येतात किंवा हात एकदम वर जातच नाही, या गोष्टी वेगळ्या. पहिल्यात चालू ठेवा. दुसऱ्यात वजन आणि उंची कमी करा, आणि मुंग्या किंवा अचानक आलेला कमजोरपणा असेल तर थांबून दाखवून घ्या. तिसराही एक प्रकार आहे. चाळीस ते साठ वयाच्या बायकांमध्ये खांदा हळूहळू आखडतो. ब्लाऊजची हुकं मागे लावता येत नाहीत, केस विंचरता येत नाहीत, दुसऱ्याने हात बाहेर फिरवून पाहिला तरी फिरत नाही. मधुमेह असलेल्यांत याचं प्रमाण अधिक. हा 'फ्रोझन शोल्डर' वजन उचलल्यामुळे होत नाही, आणि त्याच्यावर हट्टाने वजन ढकलून तो सुटतही नाही. अशा बाईने रक्तातली साखर आधी तपासावी.

थोडा इतिहास सांगते, कारण तो मजेशीर आहे. वजन उचलण्याच्या ऑलिंपिक स्पर्धेत पूर्वी तीन प्रकार असत. त्यातला 'प्रेस' हा 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर बंद झाला. लोक समजतात की खांदे मोडायचे म्हणून. मुख्य कारण वेगळंच होतं. खेळाडू कमरेतून इतके मागे वाकत की उभ्याने ढकलणं कुठे संपलं हे पंचांना ठरवता येईना. त्याच वर्षी अमेरिकेतले शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी एक लेख लिहिला. हात वर नेताना वरचं हाड खालच्या कंडरेवर घासतं, तेव्हा ते हाड तासावं, असा त्यांचा विचार होता. पुढची कित्येक वर्षं जगभर अशी ऑपरेशनं झाली. 2018 मध्ये ब्रिटन आणि फिनलंड अशा दोन ठिकाणच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत काही रुग्णांचं हाड खरोखर तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून पाहिलं. दोन्ही गटांच्या दुखण्यात सांगण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा 'हात वर नेला की हाड घासणारच' ही भीती आता इतक्या ठामपणे कुणी घालू नये.

बायकांना या खेळात ऑलिंपिकचं दार 2000 साली सिडनीत उघडलं. त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने 69 किलो गटात 110 आणि 130 असे मिळून 240 किलो उचलून कांस्यपदक आणलं. त्याआधी 1989 मध्ये मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेत मणिपूरच्या कुंजराणी देवीने तीन रौप्यपदकं मिळवली होती. मणिपूरचीच मीराबाई चानू. तिला खांद्याचा आणि पाठीचा त्रास होता. 2020 मध्ये ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली आणि शरीराच्या दोन बाजूंच्या ताकदीतला असमतोल दुरुस्त करून घेतला. एप्रिल 2021 मध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये 119 किलो डोक्यावर नेऊन जागतिक विक्रम केला आणि त्याच वर्षी टोकियोत 202 किलोंच्या बेरजेवर रौप्यपदक जिंकलं. 'खांदा दुखतो ना, मग सोड' असं तिला कुणी सांगितलं असेल तर तिने ते ऐकलं नाही हे बरं झालं.

पदकांपेक्षाही मला एक दुसरा अभ्यास जवळचा वाटतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या 101 बायकांचे दोन गट केले. एका गटाने घरी हलके व्यायाम केले. दुसऱ्याने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली. त्यांत रॉड डोक्यावर ढकलणं होतंच. पहिला महिना हलक्या वजनावर फक्त रीत शिकण्यात घालवला. जड वजन उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी सुमारे तीन टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटाची एका टक्क्याहून थोडी जास्त घटली. दुखापत काय झाली? एकीच्या कमरेत उसण भरली, तीही किरकोळ. साठीच्या या बायकांना आपल्याकडे नातवाला उचलून घेऊ नका म्हणून सांगतात.

'देखरेखीखाली' या शब्दाशी मात्र आपल्याला थांबावं लागतं. रीत चुकतेय हे सांगायला कुणीतरी जवळ हवं, आणि बहुतेक ठिकाणी तो पुरुष असतो. कोपर धरून पुढे आणणं, पाठीवर हात ठेवणं, बरगड्या दाबणं हे शिकवण्याचा भाग होऊ शकतं आणि त्याच्या आडून दुसरंही काही होऊ शकतं. 2023 मध्ये देशातल्या नामवंत महिला कुस्तीपटू लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. त्यानंतर हा प्रश्न काल्पनिक आहे असं कुणी म्हणू नये. कितीतरी मुली 'नको, मी बघते' म्हणून मदत टाळतात आणि चुकीच्या रीतीने महिनोन् महिने वजन ढकलत राहतात. त्यांचा खांदा दुखतो त्याचं कारण अर्धं या भीतीत आहे. हात लावण्याआधी विचारायचं, शक्य तिथे स्वतः करून दाखवायचं, आरसा वापरायचा, हे नियम व्यायामशाळेच्या भिंतीवर लिहिलेले असावेत. आणि बायकांना प्रशिक्षक म्हणून तयार करायला हवं. आपल्या गटांतल्या कितीजणी पंचवीस वर्षं कराटे शिकवताहेत, त्यांना हे अवघड नाही.

आता परत परांचीवर. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 34 व्या कलमात इजा होईल इतकं जड ओझं कुणालाही उचलायला लावू नये असं म्हटलं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये 127 क्रमांकाचा ठराव केला. बायकांच्या ओझ्याची मर्यादा पुरुषांपेक्षा बरीच कमी असावी, असं तो सांगतो. बांधकाम मजुरांसाठी केंद्राने 1998 मध्ये केलेल्या नियमांत प्रौढ पुरुषाला 55 आणि प्रौढ स्त्रीला 30 किलो अशी मर्यादा घातली. हे सगळे कागद एका वेळच्या वजनाबद्दल बोलतात. काँक्रीटचं घमेलं सहसा तीस किलोंच्या आतच असतं, म्हणजे कुठलाच नियम मोडत नाही. पण ते दिवसात किती वेळा डोक्याच्या वर गेलं? कोपरं किती तास वर राहिली? वरच्या बाईची फळी किती उंचावर होती? खांद्याला जे दुखतं ते या तीन प्रश्नांच्या उत्तरांत असतं आणि त्यांची नोंद कुठल्याच हजेरीपत्रकावर होत नाही. व्यायामशाळेतली मुलगी आपल्या वहीत प्रत्येक उचल लिहून ठेवते, तिला कुठे थांबायचं ते कळतं. बिगारी बाईला थांबायचा हक्कच नाही. गवंड्याला मिस्त्री म्हणून जास्त रोज, हिला कमी, कारण म्हणे हिचं काम हलकं.

वजनाला मर्यादा घालून मालकाने बायकांना कामावरच घेऊ नये, हा धोका आपण मागे अनेक 'संरक्षक' कायद्यांत पाहिला आहे. म्हणून किलोची मर्यादा आणखी खाली आणा अशी मागणी मी करणार नाही. साखळीतल्या दोघींमधलं अंतर कमी करा, म्हणजे घमेलं छातीच्या उंचीवर हातात पडेल. दर तासाला वरची आणि खालची बाई जागा बदलू द्या. कप्पी लावा, ती काही नवा शोध नाही. घमेलं अर्धं भरा. यातली एकही गोष्ट खर्चिक नाही. बांधकाम मजुरांच्या संघटनांत काम करणाऱ्या मैत्रिणींनी नाक्यावरच्या पुढच्या बैठकीत रोजाच्या मागणीसोबत हे चार मुद्दे घ्यावेत. तिथल्या बायकांना हात वर करायला सांगावं आणि कुणाचा कुठे अडतो ते नावानिशी वहीत लिहून घ्यावं.